अकरा वेळा आलेली बंदूक

सिंदेवाहीच्या मालगुजारांच्या मुलीचं लग्न ऐन रंगात आलं होतं. अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा खाकरलेला, आणि सनईवाला गाल फुगवून जीव तोडून वाजवत होता. तेवढ्यात पाहुण्यांतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उठले, सरळ सनईवाल्यापुढे गेले आणि त्याच्या तोंडातली सनई त्यांनी काढून घेतली. फुंकायची पत्ती उपटून खिशात टाकली. सनई मांडवाबाहेरच्या उजेडाकडे धरली, डावा डोळा मिटला आणि उजवा तिच्या तोंडाला लावला.

"वाकडी आहे," त्यांनी जाहीर केलं.

"काय?" सनईवाल्याला अजून श्वास सापडत नव्हता.

"नाल वाकडी आहे. मधातून डाव्या अंगाले गेली. म्हणून तुमचा सूर बी तिकडंच जाऊन राह्यला. दोन दिवस द्या, सरळ करून देतो."

मुहूर्ताला दोन मिनिटं उरली होती. मालगुजारांनी हात जोडले, वरबाप उठून उभा राहिला, सनईवाला परत जायला निघाला. शेवटी गृहस्थांना कसंबसं खाली बसवलं; पण पत्ती त्यांच्या खिशातच राहिली आणि ती कुठे गेली हे कोणालाच आठवेना. मुलीचं लग्न नुसत्या डफड्यावर लागलं.

हे याकूब मिस्त्री. धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा. पण त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त नळी, त्यांच्या बोलीत नाल. लाकडी दस्ता काय, कोणीही सुतार करील. घोडा-चाप काय, लोहाराचं काम. "नाल मातर मिस्त्रीची." आणि एकदा नळीत डोळा घालायची सवय लागली की माणूस जगातल्या कुठल्याच पोकळ वस्तूला सोडत नसावा. सायकलचा पंप, बासरी, पपईचा देठ, कंदिलाची काच, सगळ्यांची तपासणी व्हायची. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझ्या हातात गुंडाळलेला एक सरकारी नकाशा होता. मी नमस्कार करायच्या आत तो त्यांनी घेतला आणि त्यातून आभाळ पाहिलं.

"सरळ गुंडाळला," ते म्हणाले. "माणूस बरा दिसते."

सरकारी नोकरीत मला मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत हत्यार-परवान्यांच्या टेबलावर कारकून होतो. नागपूर अजून राजधानी होतं आणि आम्ही चांदा जिल्ह्यातले लोक अजून मध्यप्रदेशात होतो. जंगलाच्या कडेला धान पिकवायचं तर रानडुकरं ठेवतील तेवढंच आपलं, म्हणून शेतीरक्षणासाठी गावोगाव भरमार बंदुकांचे परवाने दिलेले असत. तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायच्या त्या भरमार. या सगळ्या बंदुकांचा हिशेब माझ्याकडे, आणि मी स्वतः नागपूरच्या महालातला. दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे कशाचाही घोडा ओढलेला नाही. महिन्यातून एकदा छोट्या गाडीनं सिंदेवाहीला जायचं, मिस्त्रींचं रजिस्टर पाहायचं, कोणाची बंदूक आली, बिघाड काय, परत कधी गेली हे वाचल्यासारखं करायचं, सही ठोकायची आणि चहा पिऊन परत यायचं, एवढंच माझं काम.

मिस्त्रींचा डावा डोळा जन्मभर मिटून मिटून बारीक झाला होता. बोलताना एखादी गोष्ट त्यांना नीट समजून घ्यायची असली की तो आपोआप मिटायचा. ज्यांना माहीत होतं त्यांना काही वाटत नसे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यापैकी एका बांगडीवालीनं भर बाजारात चप्पल हातात घेतली होती. मिस्त्री तिला फक्त बांगड्या कुठल्या भट्टीच्या हे विचारत होते.

त्यांचा इतिहास तुटक तुटक कळला. तरुणपणी कलकत्त्याला एका बंदुकांच्या कारखान्यात शिकले. मग खाली अहेरीकडच्या जंगलातल्या एका जमीनदारानं त्यांना आपल्या शस्त्रागारावर आणून ठेवलं. तिथे वीस-बावीस वर्षं गेली. बायको तिथेच तापानं वारली, मूलबाळ झालं नाही. पुढे जमीनदाऱ्याच गेल्या, बंदुका विकल्या गेल्या, आणि मिस्त्री आपला भाता, नळी घट्ट धरायचा शिकंजा आणि माणसाहून लांब सळ्यांचा भारा घेऊन सिंदेवाहीच्या रेल्वे फाटकाजवळ एका टिनाच्या खोलीत येऊन बसले. नातेवाईक म्हणाल तर कोणी नाही. कधी विचारलं तर म्हणायचे, "आहेत ना," आणि भिंतीला टेकवलेल्या सळ्यांकडे पाहायचे.

"आत पहा, बाहेरून काय पाहून राह्यले?" हे त्यांचं लाडकं वाक्य. बंदूक विकत घेणाऱ्याला तर ते म्हणायचेच. पण भोपळा घेणाऱ्याला, घर बांधणाऱ्याला आणि मुलगी पाहायला निघालेल्यालाही म्हणायचे. मला त्यांनी पहिल्याच भेटीत नळी पाहायला शिकवलं. खिडकीच्या चौकटीकडे नळी धरायची. चौकटीची कड नळीच्या आत एक लांब सावली टाकते. नळी सरळ असेल तर सावलीची रेघ थेट दुसऱ्या टोकापर्यंत जाते. कुठे केसाएवढी वाकली असेल तर रेघ तिथे मोडते. मला दहा मिनिटं फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग एकदम रेघ दिसली आणि मी ओरडलो. मिस्त्री इतके खूश झाले की त्यांनी मला दुसरा चहा पाजला.

जमीनदाराकडच्या काही जुन्या नळ्या त्यांच्याकडे होत्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून केलेल्या. त्यांच्या अंगावर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी उमटायची. नव्या दारूला त्या टिकत नाहीत, म्हणून सरकारी हुकूम आला की नष्ट करा. नष्ट केल्याच्या कागदावर मी सही केली. मिस्त्रींनी हुकमाप्रमाणे त्यांचे हात-हात लांबीचे तुकडे केले आणि ते आळीतल्या बायकांना चुलीच्या फुंकण्या म्हणून वाटून टाकले. त्यातली एक माझ्या घरी आली. सरकारी कागदावर नष्ट झालेल्या राजेशाही नळीनं माझी बायको पुढची कित्येक वर्षं चूल फुंकत होती. सिंदेवाहीतल्या फुंकण्यांइतक्या सरळ फुंकण्या देशात कुठे नसतील हे मी शपथेवर सांगतो.

पण मिस्त्रींचं खरं वेड नवी नळी करण्याचं. एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची दुनळी बंदूक होती. त्यानं हौसेनं जास्तीची दारू भरून दोन्ही नळ्या फुगवून ठेवल्या. रीतसर परवानगी काढून मिस्त्रींनी नव्या नळ्या करायला घेतल्या. मुंबईहून भरीव पोलादी कांबी आल्या. पायानं चाक फिरवत त्यात आरपार भोक पाडायलाच महिना गेला. मग शिशाचा गट्टू, त्याला तेल आणि कुरुंदाची पूड लावून आतून घासायचं. किती वेळा ते विचारू नका, मी एक दिवस मोजायला बसलो आणि झोपलो. मग बाहेरून कानस. बार पेटतो तिथे नळी जाड हवी, पुढे उतरत उतरत पातळ, तोंडाशी पुन्हा जराशी भरलेली. आणि तोंडाशी आतलं भोक कागदाच्या जाडीएवढं आवळलेलं, म्हणजे छर्रे लगेच पांगत नाहीत. हे सगळं बोटांनी. मोजायचं साधन जवळ होतं, पण ते मिस्त्री माझ्यासारख्यांना दाखवायला ठेवत.

ठेकेदार तिसऱ्या महिन्यात आला. त्याच्याकडे शिकारीला कोणी बडे पाहुणे यायचे होते. मिस्त्रींनी दोन्ही नळ्या तारेनं बांधून ठेवल्या होत्या.

"झाल्या की! आता डाग देऊन जोडून टाका ना!" तो म्हणाला.

"दोघी अंगाला अंग लावून सरळ ठेवल्या तं दोघी दोन गावाले जातीन," मिस्त्री म्हणाले. "तोंडाकडं एकमेकीकडं जराशा झुकवा लागते. तवा कुठी चाळीस पावलांवर दोघी एकाच जागी मारतीन."

"किती झुकवा लागते?"

"थेच तं पाहून राह्यलो."

"अहो मिस्त्री, मले घाई आहे!"

"घाई असन तं लाठी घ्या," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "लाठी आजच भेटन."

चुना लावलेला पत्रा चाळीस पावलांवर उभा करायचा, एकेक नळी झाडायची, छर्ऱ्यांची भोकं पाहायची, डाग सोडवायचा, केसभर झुकवायचं आणि धावड्याच्या कोळशावर पुन्हा डाग द्यायचा. असं त्यांनी नऊ वेळा केलं. सातव्या महिन्यात जोडी तयार झाली. दोऱ्यानं टांगून त्यांनी तिला बोटाच्या पेरानं टिचकी मारली, तेव्हा असा नाद निघाला की फाटकावरचा गेटमन गाडी आली समजून बाहेर आला.

"आता ही परत येत नाई," मिस्त्री म्हणाले. "माह्या हातची नाल परत येत नाई."

ही त्यांची एकुलती एक बढाई, आणि ती शंभर टक्के खरी होती. ठेकेदाराची बंदूक परत आली नाही. ठेकेदारही आला नाही, दोन ओळींचं कार्डही नाही. पाटलाची, सावकाराची, वरोऱ्याच्या कापूसवाल्याची, कोणाचीच आली नाही. मी तेव्हा कौतुकानं मान डोलवायचो. ज्याचं काम कधी परत येत नाही त्याच्या दारात माणूसही परत येत नाही, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

सगुणाबाई त्यांच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यातल्या या विधवा बाई; पंचेचाळिशीच्या, रुंद हाडाच्या, आवाज खणखणीत. लेक मूल गावी दिलेली. चार एकर धान एकट्या करायच्या, आणि नवऱ्यामागे बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर झालेला होता. नवऱ्याची भरमार त्यांनी खोक्यावर आपटली. नळी मधोमध केळ्यासारखी सोलून निघाली होती.

"डुक्कर गेला पळून आन बंदूकच मेली," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी नळीकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. "हात पाहू द्या, बाई."

बाईंनी डावा तळवा पुढे केला. जखम भरत आली होती. मिस्त्रींनी दोन्ही डोळे उघडे ठेवून ती पाहिली. नळी आधी न पाहता दुसरं काही पाहताना मी त्यांना त्या दिवशी प्रथमच पाहत होतो.

भरमारेला लोक काय नळी घालतात हे मला ठाऊक होतं. पाण्याचा नळ बरा. मिस्त्रींनी सगुणाबाईंसाठी उन्हाळाभर खपून जी नळी केली ती राजाच्या बंदुकीला शोभली असती. "बाईमाणसाले घंटा-घंटा धरून बसा लागते," म्हणून पुढची बाजू पातळ करत करत अर्धा शेर वजन उतरवलं, आणि बार पेटतो तिथे मात्र नेहमीपेक्षा जाड ठेवली. तोल असा साधला की बंदूक डाव्या तळव्यावर नुसती ठेवली तरी आडवी राहावी. ठेकेदारासाठी जेवढं घासलं त्याच्या दुप्पट घासलं असेल. मी म्हटलं, "मिस्त्री, डुकराला काय कळणार आहे?"

ते रागावले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे मी होतोच दोन दिवस.

पुढच्या खेपेला सगुणाबाई पुन्हा तिथे दिसल्या. बंदूक शिकंज्यात, बाई दाराजवळच्या खोक्यावर, मिस्त्री तेलाचं फडकं घेऊन.

"काल किती आले?" मिस्त्रींनी विचारलं.

"सात."

बराच वेळ फडकं फिरत राहिलं.

"मोठा होता का त्यायच्यात?"

"होता."

पुन्हा फडकं. अर्ध्या तासात एवढंच. मला वाटलं, काय कंटाळवाणी माणसं आहेत. मी सही केली आणि गाडी पकडली.

मग कचेरीत नवे साहेब आले. तरुण, कडक, रोज नवा हुकूम. सगळ्या कारकुनांची पाचावर धारण बसली. आपण इतरांपेक्षा हुशार आहोत हे दाखवायची मला हुक्की आली, आणि मी जन्मात पहिल्यांदा मिस्त्रींचं रजिस्टर पहिल्या पानापासून वाचून काढलं. सगळ्या बंदुका एकेकदा. फक्त एक परवाना नंबर पुन्हा पुन्हा येत होता. सगुणाबाई. बिघाड: घोडा जड. बिघाड: पेच ढिला. बिघाड: नळीत ओल. बिघाड: नळी तपासली. बिघाड: नळी पुन्हा तपासली. शेवटच्या दोन नोंदींत तर बिघाडाच्या रकान्यात फक्त "तेल" असं लिहिलं होतं. मोजल्या. नवी नळी घातल्यानंतर अकरा वेळा.

मी आनंदानं टिपण लिहिलं. "सदर बंदूक वारंवार नादुरुस्त होत असल्याचे निदर्शनास आले आहे. योग्य आदेश व्हावेत." वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि साहेबांपुढे ठेवलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं टिपण होतं, आणि ते लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

साहेब स्वतः जीपनं सिंदेवाहीला आले. बाजाराचा दिवस. मिस्त्रींच्या खोलीसमोर चिंचेखाली टेबल मांडलं. बाजार सोडून अर्धं गाव भोवती जमलं. सगुणाबाईंना बंदुकीसकट बोलावणं गेलं होतं, त्या उभ्या होत्या. धानाच्या लोंब्या भरायचे दिवस होते.

"अकरा वेळा दुरुस्ती," साहेब म्हणाले. "एकदा ही फुटलेली आहेच. पुन्हा फुटून माणूस मरायची वाट पाहायची का? बंदूक जमा करा. परवाना रद्द."

"साहेब, असं नोका करू," सगुणाबाई पुढे आल्या. "रोज डुकरं येऊन राह्यले. पंधरा दिवस बंदूक नसन तं माह्या धानाच्या बांधीत काडी नाई राहणार. खाऊ काय मी?"

साहेबांनी मला नळी पाहायला सांगितलं. मिस्त्रींनी मागचा पेच काढून नळी मोकळी केली आणि माझ्या हातात दिली. मी ती उजेडाकडे धरली. आत ओल नव्हती, डाग नव्हता, ओरखडा नव्हता. आरशासारखी लख्ख, आणि सावलीची रेघ कुठेही न मोडता टोकापर्यंत गेलेली. नवी नळी घातल्यापासून त्या बंदुकीला कधीच काही झालं नव्हतं. अकरा वेळा नाही, एकदासुद्धा नाही.

नळी डोळ्याला लावलेली असतानाच मला सगळं समजलं. खोका आठवला, फडकं आठवलं, सात डुकरं आठवली. सहा मैल चालत यायचं, अर्धा तास बसायचं, दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा सहा मैल. त्यासाठी हातात बंदूक हवी, नाहीतर लोक विचारतील. नळी खाली घ्यायचा मला धीर होईना. बंदूक ठणठणीत आहे म्हणावं, तर साहेबांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग ही बाई अकरा वेळा इथे कशाला येते? आणि तो प्रश्न अर्ध्या गावासमोर विचारला जाणार होता.

"काय दिसतं?" साहेब म्हणाले.

"साहेब, बंदुकीले काही..." सगुणाबाई खरं सांगायलाच निघाल्या होत्या.

"कसूर माही आहे," मिस्त्री मोठ्यानं म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. साहेब काय म्हणतात हे समजून घ्यायला त्यांचा डावा डोळा मिटला होता. साहेबांना वाटलं, हा मला डोळा मारतो आहे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणालात?"

"बंदूक चांगली आहे साहेब. बाईची काही चूक नाई. माहा हात बिघडला. दर येळी मी काही ना काही खराब करून ठेवतो, म्हून बिचारीले परत परत या लागते."

"अकरा वेळा?"

"अकरा येळा."

गर्दीत कोणीतरी हसलं. मिस्त्रींच्या हातची नळी परत येत नाही हे त्या गर्दीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं होतं. सगुणाबाई मिस्त्रींकडे पाहत राहिल्या.

साहेब न्यायी होते, यात शंका नाही. बंदूक बाईंना परत दिली, परवाना कायम ठेवला. मग माझ्याकडे वळले. "लिहा. काम सदोष. दोष कारागिराचा. यापुढे सदर बंदुकीस या कारागिरानं हात लावू नये. दुरुस्ती चांद्यास करून घ्यावी."

मी लिहिलं. मिस्त्रींनी खाली सही केली. नळ्यांच्या पोटात केसाचा फरक हेरणारा माणूस, पण सही करताना ओळ सोडून खाली गेला. सगुणाबाईंनी बंदूक खांद्यावर टाकली आणि बाजारातून न थांबता निघून गेल्या.

त्यानंतर लोक आपल्या बंदुका चांद्याला नेऊ लागले. मिस्त्रीचा हात गेला, असं बोललं जाऊ लागलं. मी त्या दिवसांत दोनदा सिंदेवाहीला जाणं टाळलं. रजिस्टर टपालानं मागवून घेतलं. काय तोंड घेऊन जाणार होतो? पौष महिन्यात मात्र जावंच लागलं. धान निघालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या.

मिस्त्री खोलीत बसले होते. शिकंजा रिकामा. त्यांनी मला पाहिलं, चहाचं भांडं चुलीवर ठेवलं. माझ्या टिपणाविषयी ते कधी बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही. माफी मागायची म्हणून मी गाडीत सगळी वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"बाबू, सगुणाबाई आल्ती," ते म्हणाले.

मी दचकलो. "बंदूक घेऊन? अहो, हुकूम आहे ना..."

"नाई. मोकळ्या हातानं." त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. "बंदूक नाई, पिशवी नाई, काही नाई. त्या पायरीवर येऊन उभी राह्यली."

"मग?"

मिस्त्री चहाकडे पाहत राहिले. चहा उतू गेला तरी त्यांना कळलं नाही, मीच भांडं उतरवलं.

"पंचावन वर्साचा झालो मी, बाबू. माह्या दारात जो आला थो काही ना काही हातात घेऊनच आला. मी पहिले हात पाहतो माणसाचे. तिचे हात पाह्यले तं मोकळे. मी म्हणलो..." ते थांबले. "मी म्हणलो, काऊन आल्या बाई, काय काम आहे?"

बाहेरून मालगाडी गेली. टिनाचं छप्पर थरथरत राहिलं.

"काय म्हणाल्या मग?"

"काही नाई म्हणे. बाजाराले आली होती म्हणे. आन गेली." त्यांनी मान हलवली. "बाजार त्या दिवशी नव्हताच."

मला सांत्वनाचं काहीतरी बोलायला हवं होतं. पुन्हा येतील, असं मी म्हणालो. ते मलाच खरं वाटलं नाही. सहा मैल चालून, लोकांच्या डोळ्यांदेखत, कुठलंही निमित्त हातात न घेता एखादी बाई आयुष्यात किती वेळा येऊ शकते?

"बंदूक राहे तवा ती आपली बसतच होती," मिस्त्री म्हणाले. "सांगाच नाई लागे. सांगाची सवयच नाई ना मले. एकच शब्द म्हणाचा होता, बाबू."

ते उठले. दाराजवळच्या खोक्यावर धूळ बसली होती, ती त्यांनी हातानं झाडली. मग रिकाम्या पायरीकडे तोंड करून, मी तिथे आहे हे विसरून, त्यांनी तो शब्द हळूच म्हणून पाहिला.

"बसा, बाई."